‘डीएनए’: पहिला गुन्हा टोळीचा, दुसरा हिशेबाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘डीएनए’ या नाटकात सामूहिक हिंसा आणि अपराधभाव नेमके कसे उभे राहतात, खरा दोषी फिल मानायचा की कॅथी, आणि नाटक बसवताना दगडफेक प्रेक्षकांसमोर करून दाखवावी का? मी बरीच वर्षं किशोरवयीन मुलामुलींबरोबर नाटकं बसवतो आणि हे नाटक त्यांच्यासोबत पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यामुळे उत्तर तालमीच्या बाजूनं देतो.

आधी कथानक, ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी. डेनिस केली यांनी हे नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरच्या ‘कनेक्शन्स’ या तरुणांसाठीच्या उपक्रमाकरता लिहिलं. २००८ मध्ये ते नॅशनल थिएटरच्याच कॉटस्लो रंगमंचावर आलं आणि पुढे इंग्लंडमधल्या जीसीएसई या दहावीसारख्या शालेय परीक्षेच्या अभ्यासक्रमात पोचलं. शाळकरी मुलांची एक टोळी अ‍ॅडम नावाच्या मुलाला छळते. अ‍ॅडमला त्या टोळीत शिरायचं असतं, म्हणून तो ते सगळं सहन करतो. शेवटी तो एका खोल खड्ड्यावरच्या लोखंडी जाळीवर उभा असताना सगळे त्याला दगड मारतात आणि तो आत पडतो. मेला, असं सगळे धरून चालतात. मग फिल नावाचा अबोल मुलगा एक बनाव रचतो: जंगलातल्या एका जाड, खराब दातांच्या माणसानं अ‍ॅडमला पळवलं. पुरावा म्हणून अ‍ॅडमच्या स्वेटरवर कोणाचा तरी डीएनए लावायचा. तो असा-तसा कुणाचाही चालेल ही मूळ कल्पना, पण टोळीतली कॅथी अतिहुशारी करून त्या वर्णनाचाच एक पोस्टमन शोधून काढते आणि तो निरपराध माणूस अटकेत जातो. पुढे अ‍ॅडम जिवंत सापडतो. डोक्याला जखम, मन पूर्ण भरकटलेलं, एका झुडपात राहणारा. आणि तेव्हा त्याला गप्प करण्याचा निर्णय होतो.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. या नाटकात दोन गुन्हे आहेत, आणि चर्चा बहुतेक वेळा पहिल्यावरच अडकते. पहिला गुन्हा टोळीचा आहे. तो हसत, चेकाळत, कुणी काही न ठरवता घडतो. दुसरा थंड डोक्यानं, कारणं देऊन, सगळ्यांच्या भल्याचं नाव घेऊन केला जातो. नाटकाचं खरं वजन दुसऱ्यावर आहे. पहिल्या गुन्ह्याबद्दल जो अपराधभाव वाटायला हवा होता तो कुणी वाटून घेतलाच नाही, म्हणून दुसरा शक्य झाला. दोन्हींमधला हा दुवा सापडला की बाकीचे प्रश्न बरेचसे सुटतात.

पहिल्या गुन्ह्याकडे जवळून पाहू. तो आपल्याला दिसत नाही. टोळीतले मार्क आणि जॅन तो फिल आणि त्याची मैत्रीण लिआ यांना सांगतात, कारण हे दोघं तिथे नव्हते. ही गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. ज्याच्या डोक्यातून बनाव निघतो त्या फिलनं एकही दगड मारलेला नाही.

मार्कच्या निवेदनात छळ पायरी पायरीनं वर चढतो. आधी पानं खायला लावली. मग ठोसे, मग अंगावर सिगारेट विझवणं. प्रत्येक पायरीला मार्क एकच पालुपद आळवतो: अ‍ॅडमही हसत होता. रडत होता म्हणा, पण हसत होता. हे हसू म्हणजे मार्कची पळवाट आहे, आणि अ‍ॅडमसाठी ते टोळीत शिरायचं प्रवेशशुल्क आहे. जो हसणार नाही तो बाहेर फेकला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग जाळीवरचा प्रसंग येतो. कुणीतरी एक दगड भिरकावतं, लागावा म्हणून नाही, गंमत म्हणून. कोण, ते मार्क सांगत नाही. पुढच्या क्षणी सगळेच दगड मारू लागतात. अ‍ॅडमचा घाबरलेला चेहरा बघून आणखी हसू येतं, दगड जवळ जवळ पडू लागतात, एक डोक्याला लागतो. तोवर सांगण्यातून माणसं नाहीशी झालेली असतात, उरतात फक्त दगड आणि हसणं. टोळीच्या हिंसेचं इतकं नेमकं चित्र मी फार कमी नाटकांत पाहिलं आहे. ‘मारून टाकू’ असं एकदाही कुणाच्या मनात येत नाही आणि तरी प्रत्येकाचा हात त्यात असतो.

तालमीत मी इथे एक प्रयोग हमखास करतो. मार्क करणाऱ्या मुलाला सांगतो, समोर बसलेल्याला हसवायचं, एवढंच तुझं काम. माफी मागायची नाही, रडायचं नाही, फक्त हा किस्सा मजेशीर वाटला पाहिजे. पानं खाण्यापर्यंत ऐकणारा हसतो. बऱ्याचदा सिगारेटपर्यंतही हसतो. दगडांपाशी आला की त्याचं हसू अडतं आणि त्याला कळतं की आपण बराच वेळ मार्कच्या बाजूला बसलो होतो. प्रेक्षकाचंही नेमकं हेच व्हायला हवं. म्हणून दगडफेक दाखवू नका. प्रकाश लाल करून, हळू गतीच्या हालचालींत, ढोलाच्या ठेक्यावर ती केली की प्रेक्षक लगेच अ‍ॅडमच्या बाजूला जाऊन बसतो, स्वतःला सज्जन समजतो आणि सुटतो. लेखकानं त्याला तसं सुटू दिलेलं नाही.

आता टोळीतले बाकीचे. जॉन टेट सुरुवातीला पुढारी असतो. ‘मेला’ हा शब्दच कुणी वापरायचा नाही, असा हुकूम तो काढतो आणि वापरेल त्याला धमकावतो. या एका हुकुमात पुढचं सगळं नाटक आहे. जे बोलता येत नाही त्याचा पश्चात्तापही करता येत नाही. डॅनीला दंतवैद्य व्हायचं आहे, त्याची काळजी एवढीच की असल्या भानगडीनं त्याचा बेत बिघडेल. लू घाबरते आणि ज्याच्या हाती सत्ता असेल त्याच्यामागे जाते. कॅथीला हे सगळं रोमांचक वाटतं, रोजच्या आयुष्यापेक्षा बरं.

या गप्प राहणाऱ्यांना मुलं तालमीत नेहमी निर्विकार करून टाकतात आणि तिथे प्रयोग पडतो. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मी त्यांना सांगतो. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलत आहेत, आणि अचानक एकाला झटका आल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आपण एकट्यानंच ऐकला असं ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या ८५ टक्के जणांनी तो आवाज संपायच्या आत मदत मागितली. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची नोंद. जे जागचे हलले नाहीत ते बेफिकीर नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, आत आलेल्या संशोधकाला ते विचारत होते, तो मुलगा बरा आहे ना? जबाबदारी वाटली गेली की ती कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही, तळमळ मात्र प्रत्येकाच्या वाट्याला अख्खी येते. लू, डॅनी, जॅन करणाऱ्यांनी हा थरथरता हात धरून ठेवला तर जंगलातले प्रसंग जिवंत होतात.

लिआकडे येऊ, कारण अपराधभावाचं सगळं ओझं तिच्या बोलण्यात आहे. मैदानावरच्या प्रसंगांत ती अखंड बोलते आणि फिल अखंड खातो. तिच्या बोलण्यात बोनोबो आणि चिंपांझी या दोन वानरजाती येतात. दोघंही आपले अगदी जवळचे नातेवाईक, पण चिंपांझी क्रूर आणि बोनोबो कनवाळू, आणि आपण नेमके कुणासारखे, हा तिचा सवाल. हा संदर्भ शोभेसाठी टाकलेला नाही. बोनोबो हे चिंपांझींपेक्षा वेगळे आहेत ही नोंद १९२९ साली प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्वार्ट्झ यांनी बेल्जियमच्या संग्रहालयातल्या कवटीवरून केली, म्हणजे आपल्यातला एक सौम्य भाऊबंद फार उशिरा ओळखू आला. आणि चिंपांझींबद्दल बोलायचं तर टांझानियातल्या गोम्बे इथे चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ ते १९७८ या काळात जे पाहिलं ते या नाटकाच्या फार जवळचं आहे. एका कळपाचे दोन झाले आणि मोठ्यानं धाकट्या कळपातले नर एकेक गाठून संपवले. मरणारे परके नव्हते, काल-परवापर्यंत एकत्र हिंडलेले होते. अ‍ॅडमही परका नाही. तो जवळजवळ त्यांच्यातलाच आहे, आणि या ‘जवळजवळ’मध्येच त्याचा घात आहे.

नाटकाचं नाव इथे दोन अंगांनी काम करतं. एकीकडे ते पोलिसांच्या पुराव्याचं आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय डीएनए नोंदसंग्रह १९९५ पासून आहे, आणि विज्ञानानं दिलेला पुरावा खोटा असू शकत नाही या विश्वासावरच फिलचा बनाव चालतो. दुसरीकडे, क्रौर्य आपल्या रक्तातच आहे का, हा लिआचा प्रश्न आहे. मला वाटतं नाटक या प्रश्नाला ‘हो’ म्हणत नाही. रक्तातच असेल तर कुणाचाच दोष राहत नाही, आणि केली यांना असली सुटका मान्य नाही. दुसऱ्या गुन्ह्याच्या वेळी कुठलंही रक्त उसळलेलं नसतं. सगळे शांत असतात.

अपराधभावाबद्दल एक फरक मी मुलांना सुरुवातीलाच करायला लावतो: पकडले जाण्याची भीती वेगळी आणि केल्याची टोचणी वेगळी. नाटकातल्या बहुतेकांजवळ फक्त भीती आहे, म्हणून बनाव जमला की ती ओसरते. लिआ हे पाहून हादरते. अ‍ॅडम गेल्यापासून सगळे जास्त खूश आहेत, एकमेकांशी चांगलं वागत आहेत, हे तिच्या लक्षात येतं. एकत्र येऊन केलेल्या पापानं त्यांना घट्ट बांधलं आहे. पूर्वी विस्कळीत असलेल्या टोळीला आता एक गुपित आहे, काम आहे, शोकसभा आहे. नाटकातली मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट हीच.

खरी टोचणी मोजक्यांनाच आहे आणि ती सगळ्यांत दुबळ्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. टोळीतला ब्रायन पहिल्यापासून रडतो. बनावात त्याला खोटी साक्ष द्यायची आहे, की जंगलात त्या माणसानं आपल्याशी अश्लील वर्तन केलं होतं. त्याच्याइतका खरा रडणारा दुसरा कोण मिळणार? त्याच्या डोळ्यांतलं पाणी पश्चात्तापाचं आहे, आणि टोळी ते बळी पडल्याच्या दुःखाचं म्हणून खपवते. पोस्टमनला ओळखायला पुन्हा पोलिसांकडे जायला तो नकार देतो, तेव्हा फिल शांतपणे सांगतो, नाही गेलास तर तुलाही त्याच जाळीपाशी नेऊन आत टाकू. टोळी पुढचा अ‍ॅडम किती सहज तयार करते ते इथे दिसतं. पुढे ब्रायन माती खाऊ लागतो, वेड्यासारखा हसतो, औषधांवर जातो. जे तोंडानं कबूल करू दिलं नाही ते त्याच्या शरीरातून असं बाहेर येतं.

लिआचंही तसंच. एका प्रसंगात ती फिलचं लक्ष वेधायला स्वतःचाच गळा आवळते. दुसऱ्यात डब्यातून आपल्या जेरी नावाच्या पाळीव प्राण्याचं कलेवर आणते आणि सांगते की त्याच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून आपणच हातोडा मारला. का केलं असेल, असं ती फिलला विचारते. फिल खांदे उडवतो. काही अभ्यासक याला निव्वळ विक्षिप्तपणा म्हणतात, मला ते पटत नाही. ती तपासून पाहते आहे. त्यांनी जे केलं ते माझ्यातही आहे का? आणि उत्तर ‘आहे’ असं आल्यावर ते सांगायला तिच्याजवळ फिलशिवाय कुणी नाही. ती जाळीपाशी नव्हती, हे विसरू नका. तिचा अपराध लपवण्यात सामील होण्याचा आहे, आणि तरी जे दगड मारत होते त्यांच्यापेक्षा तीच जास्त पोळते.

आता दोषी कोण? कॅथी हिंसा करते, ती आवडीनं करते. अ‍ॅडमला झुडपातून बाहेर काढायला आपण त्याचा डोळा काढायची धमकी दिली, हे ती कामाचा अहवाल दिल्यासारखं सांगते. फिल कुणाला हातही लावत नाही. अ‍ॅडम सापडल्यावर तो ब्रायनच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून, जणू खेळ चालला आहे असं भासवत, कॅथीला पद्धत दाखवतो. ब्रायन हसत असतो. लिआ ‘नको’ म्हणून विनवते, आणि तिला उत्तर मिळतं ते हिशेबाचं: महत्त्वाचा कोण, एक माणूस की सगळे? हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो, म्हणून तो जाळीवरच्या दगडांपेक्षा घातक आहे. दगड मारताना निदान कुणी आपण बरोबर वागतोय असं म्हणत नव्हतं. माझ्या मते फिलचा दोष मोठा आहे. पण तोही एकट्यानं काही करू शकला नसता. कॅथी, मार्क, लू, सगळ्यांना कुणीतरी निर्णय घेऊन हवा होता. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं की सगळा गट चुकीचं उत्तर देत असताना एकानं जरी वेगळं उत्तर दिलं, तर बहुमताच्या मागे जाणाऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं घसरतं. लिआ ‘नको’ म्हणते तेव्हा तिच्या पाठीशी एकही आवाज उभा राहत नाही. तो दुसरा आवाज प्रत्येक पात्राजवळ होता. तालमीत प्रत्येकाला विचारा, या क्षणी तू तोंड का उघडलं नाहीस? उत्तर नटाला सापडलंच पाहिजे.

कायद्याच्या अंगानंही मुलं विचारतात, म्हणून तेही सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये फौजदारी जबाबदारीचं वय १० वर्षं आहे, म्हणजे या वयाची मुलं कायद्याच्या कक्षेत येतात. गटानं केलेल्या गुन्ह्यात प्रत्येकाची जबाबदारी किती, यावर तिथे मोठा वाद झाला. २०१६ मध्ये जोगी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुसरा काय करेल याचा नुसता अंदाज असणं पुरेसं नाही, त्या गुन्ह्याला मदत करायचा किंवा उत्तेजन द्यायचा हेतू असावा लागतो. या निकालाच्या उजेडात जाळीवरचा प्रसंग वाचला की हसण्यालाही उत्तेजन म्हणायचं का, यावर वर्गात तासभर चर्चा रंगते.

आणखी एक जागा, जिच्यावर तालमीचा वेळ हवा तेवढा खर्च करावा. अ‍ॅडमला संपवायचं ठरल्यानंतर मैदानावर फिल आणि लिआ गप्प बसलेले असतात. एरवी बडबडणारी लिआ बोलत नाही. फिल तिला एक गोड गोळी देतो. ती तोंडात टाकते, चघळता चघळता रडू लागते, थुंकून टाकते आणि निघून जाते. फिल मागून तिला हाका मारतो. सबंध नाटकात फिलनं आपणहून दुसऱ्याला दिलेली ही पहिली गोष्ट, आणि ती घेणं म्हणजे त्याच्या निर्णयात वाटा घेणं. इथे संवाद घालू नका, संगीत नको. गोळी खरी असू द्या, चघळायला वेळ लागेल अशी. घाई केली तर प्रेक्षकाला वाटतं ती रुसून गेली.

शेवटी टोळीतला रिचर्ड फिलजवळ येऊन बसतो आणि एकेकाची खबर सांगतो. लिआ शाळा सोडून गेली, हे त्याआधीच जॅन आणि मार्कच्या बोलण्यातून कळलेलं असतं. जॉन टेट देवाला लागला. जॅन आणि मार्क दुकानांतून चोऱ्या करतात. कॅथीच्या हाती सगळा कारभार आहे, तिनं शाळेत पहिल्याच वर्षाला असलेल्या एकाचं बोट कापलं म्हणतात. डॅनी दंतवैद्याकडे काम शिकतोय आणि त्याला ते असह्य होतंय, कारण रोगी तोंड उघडतात तेव्हा आपण आत पडू असं त्याला वाटतं. डॅनीची ही ओळ विनोदी करून म्हणू नका. ज्याला फक्त आपल्या बेताची काळजी होती त्याला आता प्रत्येक उघड्या तोंडात तो खड्डा दिसतो. आणि एरवी खात बसणारा फिल आता काही खात नाही. त्याला पश्चात्ताप झाला का, की नुसतीच पोकळी आहे, हे लेखकानं सांगितलेलं नाही. अ‍ॅडम मेला की वाचला हेही सांगितलेलं नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिग्दर्शकानं स्वतःपुरती ठरवावीत, पण मंचावर दाखवू नयेत.

बसवताना एक पथ्य जरूर पाळा. अ‍ॅडम आणि ब्रायन ज्या मुलांना द्याल ती मुलं आपल्या गटात आधीच एकटी पडलेली नाहीत ना, हे नीट पाहून घ्या. चिडवली जाणारी मुलं या भूमिकांना ‘शोभतात’ असं बाकीच्यांना वाटतं आणि तेच सुचवतात. अशा वेळी उलट वाटप करा. गटात ज्याचा शब्द चालतो त्याला ब्रायन द्या, आणि एरवी गप्प बसणाऱ्याला मार्कचं निवेदन. पात्रांची नावं आणि लिंगं बदलायची मुभा लेखकानंच दिलेली आहे, तिचा उपयोग करा. पिशवीच्या प्रसंगात मात्र नाक आणि तोंड पूर्ण उघडं राहील अशी कापलेली पिशवी आणि ठरलेली खूण, ही तयारी पहिल्या तालमीपासून हवी. शेवटच्या आठवड्यात ती करायला घेऊ नका.